इतर उत्पन्न

बोधडीच्या पतसंस्थेत कर्जाचे अर्ज माझ्याकडे येतात.
सातवा रकाना : उत्पन्नाचे साधन.
बाया म्हणतात, मजुरी.
मी विचारते, आणखी?
बाया खिडकीबाहेर बघतात.

मला ठाऊक आहे ते बघणं.
माझी माय, पोचूबाई, अशीच बघत होती
तलाठ्याच्या टेबलापाशी, मी आठवीत होते तेव्हा.
"वरसाचं किती होतं?"
"मजुरीचंच, दादा. तेबी काम भेटलं तं."
त्यानं दाखल्यावर एकवीस हजार लिहिले
आणि खुर्चीखालची पिशवी पायानं आत सरकवली.
पिशवीत किलोभर कर्टुली होती,
आदल्या दिवशी काटेरी झुडपांतून
एकेक वेल उकलून आणलेली.
कागदावर त्यातलं एकही चढलं नाही.

बाहेर आल्यावर म्हणाली,
"रान सांगितलं असतं तं तुझी शिष्यवृत्ती गेली असती.
रान कुठं सांगतं कुनाला? आपुनबी सांगू नाही."

आता रात्री मी तिचा हिशेब मांडते,
तिला न विचारता,
जुन्या पावतीपुस्तकाच्या कोऱ्या बाजूला.

चैत्र. मोहफुलं.
पहाटे चारला टोपली, उजाडायच्या आत जनावरांच्या पुढे.
सात पायल्या विकल्या : धाकट्याचा टायफॉईड.
उरलेली भाजून, तिळासंगं कुटून,
हाताला काम नव्हतं त्या महिन्यात खाल्ली.
त्यांना कोणता भाव लावू?
बाजाराचा,
की चूल पेटली त्याचा?

वैशाख. चारोळी.
नरसय्या शेटच्या आज्यानं माझ्या आजीला
मापाला माप मीठ दिलं होतं,
एवढी चारोळी, एवढं मीठ.
माय हे हसत सांगते. "मीठ चांगलं होतं पन," म्हणते.
परवा नांदेडला एका दुकानात मी पुडी उचलली,
पन्नास ग्रॅम.
भाव वाचला आणि
जशी होती तशी परत ठेवली, चोरी करताना सापडल्यासारखी.

आषाढ. तरोटा, कुरडू, बांधावरचं काहीबाही.
डाळ न आणलेले दिवस मोजायचे कसे?
शून्य रुपयांची पावती कोणी फाडत नाही.

कर्टुली : माझा एसटीचा पास, दोन वर्षं.
सीताफळं : भावाचं दप्तर, आणि बाजारातून येताना जिलेबी.
टेंभरं : काही नाही. आम्हीच खाल्ली, झाडाखालीच.
मध : एकदाच. बाप कड्यावरून घसरला.
तो खर्चाच्या बाजूला.

बेरीज एकवीस हजारांच्या पुढं सरकली
तेव्हा मी बटण दाबून अंधार केला.
माहीत नाही कोणाला घाबरून.

सुट्टीला गेले तेव्हा माय जात्यावर बसली होती,
वाळलेलं बी फोडत.
मी म्हटलं, माय, हे सगळं लिहून ठेवलं तर?
ती खुंटा फिरवत राहिली.
"घट्ट धरलं तं गर चुरते," म्हणाली,
"ढिल्लं धरलं तं बी तसंच बाहेर येते."
जात्याबद्दल बोलत होती.
मग सूप माझ्याकडं सरकवलं : पाखड.

आज लचमाबाई टेकाम आली आहे.
तीन शेळ्यांसाठी अर्ज.
मजुरीवर शेळ्या बसत नाहीत, एकच बसते, तीही लंगडत.
सातव्या रकान्यात मी "इतर" लिहिलं.
पुढं आकड्याची जागा.
रकान्याला रानाइतकी रुंदी नाही,
दोन बोटं आहे फार तर.

"किती लिहू, मावशी?"

ती खिडकीबाहेर बघते.
बाहेर बसस्टँड आहे, सायकलचं दुकान,
आणि त्यांच्या खूप मागं एक निळसर रेघ.

"लिव ना," ती म्हणते,
"तुह्या सायबाला झेपंल तेवढं."